खिडकीजवळची कॉट

पालकांकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत, हसतमुखाने अख्खी शाळा दाखवायची, ही कला माझ्या वहिनीइतकी कुणाला साधलेली मी पाहिली नाही. पायरी आली की तिच्या टाचेला कळायचं. दार आलं की कोपराने उघडायचं, आणि चाललेलं वाक्य मध्ये तुटायचं नाही. दादा तिला चिडवायचा, "उलट्या पावलांची बाई करून आणली मी, आता माझं काही खरं नाही." ती म्हणायची, "झाडावर नाही राहत, तुमच्या घरात राहते, एवढं नशीब समजा."

लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा हीच बाई चार माणसांत तोंड उघडायला लाजत होती. पुढे मुलगा मोठा झाला, घर खायला उठलं, तेव्हा मीच तिला आमच्या शाळेत चिकटवलं. मी तिथली लायब्ररी सांभाळते. शाळा प्राथमिकच, पण फाटकावर 'आंतरराष्ट्रीय' असं ठसठशीत लिहिलंय, कारण मुलं खरोखरच कुठून कुठून येतात. कुणाचे वडील जहाज कंपनीत, कुणाची आई वकिलातीत. दोन-तीन वर्षं राहायचं आणि गाशा गुंडाळायचा. असे पालक आधी शाळा बघायला येतात, दहा ठिकाणं हिंडलेले असतात, सहजी भुलत नाहीत. त्यांना शाळा दाखवायची आणि गळी उतरवायची, हे वहिनीचं काम झालं.

तिचा फेरा ठरलेला असायचा. आधी पहिलीचा वर्ग, मुलं थोडी आणि शिक्षिका दोन. मग भाषांची खोली. मग मागची बाग, तिथे मुलं वाफ्यात काहीबाही पेरतात आणि उगवायच्या आत उकरून बघतात. नव्या मुलाला त्याच्या भाषेतला एक सोबती देतात आणि तो सोबती त्याला मधल्या सुट्टीत एकटं पडू देत नाही, हे ती बागेत सांगायची, कारण तिथे हमखास दोन मुलं हातात हात घालून फिरताना दिसायची. मग माझी लायब्ररी. "या आमच्या लायब्ररीच्या बाई. माझ्या नणंदबाई आहेत, त्यामुळे इथे मी हळूच बोलते." लोक हसायचे. मीही दरवेळी नव्याने हसायचे, नोकरीचाच भाग तो. आईबाबांना उशीर झाला तर संध्याकाळपर्यंत मूल सांभाळतात तो हॉल, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात शेवटी सिकरूम.

सिकरूम म्हणजे दोन लोखंडी कॉट, पांढऱ्या चादरी, एक नर्सबाई आणि औषधांचं बंद कपाट. तिथे दाखवण्यासारखं काय असणार? पण वहिनीचा हुकमी एक्का तिथेच होता. ती खिडकीजवळच्या कॉटवर हात ठेवायची आणि एक गोष्ट सांगायची.

ती गोष्ट घडली ती वहिनी नोकरीला लागली त्याच वर्षी. एक जोडपं सहा वर्षांच्या मुलीला घेऊन शाळा बघायला आलं होतं. सगळं पाहून झालं, सिकरूममध्ये आले, आणि ती मुलगी बूट काढून खिडकीजवळच्या कॉटवर चढली आणि आडवी झाली. चला म्हटलं तर उठेना. दोन्ही हातांनी कॉटची दांडी धरून ठेवली आणि म्हणाली, "मला घरी नाही जायचं. मी इथेच राहणार."

झालं होतं ते एवढंच. त्या संध्याकाळी वहिनीने मला घरी स्वयंपाकघरात हे सांगितलं तेव्हा मी शेंगा सोलत होते आणि अर्ध्या कानाने ऐकत होते. गंमत वाटली, दोघी हसलो, आणि विषय संपला. ते कुटुंब काही पुन्हा आलं नाही. तसे बरेच येत नाहीत.

पण गोष्ट राहिली. पुढच्या पालकांना वहिनीने सहज सांगितली, ते खूष झाले. मग ती दरवेळी सांगायला लागली, आणि सांगता सांगता गोष्ट घाटदार होत गेली. मुलीला दोन वेण्या आल्या. "आई-बाबा हसून हसून बेजार," हे आलं. शेवट तर फारच छान जमला, "उद्या पुन्हा आणतो असं बाबांनी वचन दिलं, तेव्हा कुठे बाईसाहेब उठल्या!" इथे लोक हमखास हसायचे, आणि हसता हसता वहिनी त्यांना कार्यालयाकडे वळवायची. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्या तर गोष्टीवर फिदा. शाळेच्या पुस्तिकेत त्यांनी 'आमच्याकडे प्रत्येक मुलाचं ऐकलं जातं' असं छापून घेतलं होतं, आणि त्या म्हणायच्या, "त्या एका वाक्यापेक्षा तुमची ती कॉटवाली मुलगी जास्त प्रवेश आणते." वहिनीला कोण अभिमान. घरी पाहुणे आले तरी दादा म्हणायचा, "अगं, ती कॉटची गंमत सांग ना."

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एके दिवशी एका छोट्या पोरीने सगळं उधळून लावलं.

आईवडिलांबरोबर शाळा बघायला आलेली, पाचेक वर्षांची, नाक वाहणारी पोर. मी त्या दिवशी नर्सबाईंकडे डोकेदुखीची गोळी मागायला गेले होते, म्हणून समक्ष पाहिलं. वहिनीने गोष्ट सांगितली, आईवडील हसले. पोरगी हसली नाही. तिने विचारलं, "तिला घरी का नव्हतं जायचं?"

"कारण तिला आपली शाळा खूप खूप आवडली होती," वहिनी म्हणाली.

पोरीने विचार केला. "मग ती घसरगुंडीला धरून बसली असती. कॉटला कशाला धरलं?"

तिचे आईवडील आणखी मोठ्याने हसले. काय चुणचुणीत आहे बघा, असं त्यांच्या तोंडावर होतं. वहिनीही हसली, पण मी तिला ओळखते. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि त्याच्यामागची वहिनी निघून गेली. कॉटवर ठेवलेला हात तिने चटका बसल्यासारखा उचलला.

त्या दिवशी घरी जाताना ती रस्त्यात थांबली. म्हणाली, "ताई, त्या मुलीचं पुढे काय झालं असेल?"

"कुठल्या?"

"आपल्या मुलीचं."

आपली मुलगी! इतकी वर्षं जिला विकून शाळा भरली, ती आता आपली झाली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "अगं, मुलं असतातच हट्टी. तुझा लेक बाजारात लोळण घ्यायचा, विसरलीस?"

"तो खेळण्यासाठी लोळायचा," ती म्हणाली. "घरी जायला नको म्हणून नाही."



त्यानंतर ती बदलली. आधी तिने गोष्ट सांगणं सोडलं. मग सिकरूमच वगळायला लागली. फेरा स्वयंपाकघरातच संपवायची आणि पालकांना दुसऱ्या जिन्याने खाली न्यायची. एखादी आई विचारायची, "मुलं आजारी पडली तर?" तर ही लांबून दार दाखवायची. त्या कुटुंबाचा पत्ता काढायचाही तिने प्रयत्न केला. पण प्रवेश न घेतलेल्यांचं शाळेत काहीच ठेवत नाहीत. तिला त्यांचं आडनावसुद्धा आठवेना. इतक्यांदा 'एक जोडपं' म्हटल्यावर कुठून आठवणार?

घरीही तिचं लक्ष उडालं. कुणी अचानक खळखळून हसलं की दचकायची. सुनेने बाळाला कडेवरून उतरवताना ते तिच्या पदराला धरून लोंबकळलं, आम्ही सगळे हसलो, तर ही पांढरीफटक. "सोडवू नका त्याला," म्हणाली, "आधी विचारा." दीड वर्षाच्या मुलाला काय विचारणार! दादा माझ्याकडे बघायला लागला, मी दादाकडे. तिला बाहेरचं काही लागलंय असं सुनेच्या आईचं मत पडलं. मी तिला चांगलं सुनावलं. पण खरं सांगायचं तर लागलंच होतं. फक्त जिने तिला धरलं होतं ती मेलेली आहे की जिवंत, हेच कुणाला माहीत नव्हतं. वहिनीने मनातल्या मनात तिला दहा वेळा मारलं होतं.

त्यातच नर्सबाईंनी नवं काढलं. म्हणाल्या, खिडकीजवळच्या कॉटची चादर रोज चुरगळलेली असते, आणि आजारी तर कुणी आलेलं नसतं. मी म्हटलं, तुम्हीच दुपारी आडव्या होत असाल. त्या फुरंगटल्या. मग त्या रजेवर गेल्या, खोलीला नुसती कडी, तरीही चादर चुरगळलेलीच. झाडणारी बाई एकटी आत जायला घाबरायला लागली. मी भुताखेतांना भीक घालत नाही. मधल्या सुट्टीनंतर, वर्ग सुरू झाल्यावर, मुद्दाम गेले आणि दार ढकललं.

कॉटवर वहिनी होती. चपला खाली नीट काढून ठेवलेल्या, गुडघे पोटाशी, आणि दोन्ही हातांनी दांडी धरलेली. पन्नाशी उलटलेली, नातवाची आजी झालेली बाई. तिथे भूत दिसलं असतं तर मी कमी घाबरले असते.

"काय करतेस इथे?"

"आठवतेय," ती म्हणाली. "इथून वर बघितलं की माणसं किती उंच दिसतात, ताई."

मी तिला उठवलं, चादर नीट केली, आणि कुणाला बोलले नाही.

इकडे मोठ्या बाईंना गोष्टीवाचून चैन पडेना. त्यांनी शाळा दाखवायला एक तरुण मुलगी आणली, तडफदार, उंच टाचांची. तिला त्यांनी ती गोष्ट पाठ करायला लावली. तिने तर आणखी तिखटमीठ लावलं. आता कॉटवरची मुलगी लाडिकपणे बोटं नाचवत बोलायची. लायब्ररीच्या भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, आधी तिचा आवाज, मग पालकांचं हसणं. वहिनीने मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं की ही गोष्ट थांबवा. त्या म्हणाल्या, "का? खरी नाही का?" वहिनी म्हणाली, "खरी आहे म्हणूनच." मोठ्या बाईंना काही कळलं नाही. असलं काही डोक्यात शिरेल त्या जातीच्या त्या नव्हेतच. त्यांनी वहिनीला दुसऱ्या दिवसापासून पुढच्या टेबलावर बसवलं, भेटीच्या वेळा द्यायला.

म्हणूनच त्या बाईचा फोन वहिनीनेच घेतला. शाळा बघायचीय म्हणाली. मूल कितवीतलं, तर म्हणाली, मूल नाही, मी एकटीच येणार आहे. नियमाप्रमाणे नाही म्हणायला हवं होतं. वहिनीने या म्हटलं.

बाई साठीच्या आसपासची, साधी, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. तिने वर्ग पाहिले नाहीत, बाग पाहिली नाही. टेबलाशी उभी राहून विचारलं, "इथे एका मुलीची गोष्ट सांगतात म्हणे. कॉट धरून बसलेल्या. माझ्या ओळखीच्या बाई नातवासाठी शाळा बघायला आल्या होत्या, त्यांनी मला हसत हसत सांगितली." मग म्हणाली, "ती माझी मुलगी."

वहिनी मला बोलवायला लायब्ररीत आली. एवढंच म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर चल."

आम्ही तिघी सिकरूममध्ये गेलो. नर्सबाईंना मी काहीतरी कारण काढून बाहेर घालवलं. ती बाई कॉटकडे बघत राहिली. त्या दिवशी शाळा मीच दाखवली होती, असं वहिनीने सांगितलं. मग विचारलं, "आहे ना ती?"

"आहे. धडधाकट आहे. नोकरी करते. एकटी राहते."

वहिनी मटकन खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. इतक्या दिवसांचं साठलेलं. मलाही हुंदका आला. ती बाई आमच्याकडे बघत होती, तिला या रडण्याचं काही समजत नव्हतं. आणि समजून घ्यायला तिला वेळही नव्हता.

"माझ्याशी बोलत नाही ती," बाई म्हणाली. "नवरा गेला माझा मागे. त्याच्या दिवसांनाही आली नाही. तो मारायचा तिला. माझ्यावर कधी हात टाकला नाही, फक्त तिच्यावर. मला माहीत होतं. मी मध्ये पडायचे, कधी नाही पडायचे. ते मी कबूल करते. तिच्यापुढेही केलं. पण ती म्हणते, 'ते सोड. त्या शाळेत मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि तू हसलीस.' मी हसले नव्हते हो. माझ्या पायांतलं बळ गेलं होतं. मी हसणं शक्यच नाही. ती म्हणते, हसलीस, मला ऐकू आलं." तिने पर्स कॉटवर ठेवली. "तिथे आम्ही तिघं होतो आणि तुम्ही. नवरा गेला. आता तुम्हीच आहात. तुम्ही सांगा, मी हसले होते का?"

मी मनात म्हटलं, सांग ना गं, नव्हत्या हसल्या म्हणून सांग, तुझं काय जातं? एक नाही म्हटलं तर या दोघी मायलेकी कदाचित बोलायला लागतील. वहिनी डोळे मिटून बसली होती. मग ती माझ्याकडे वळली, "ताई, त्या संध्याकाळी मी तुला सांगितलं, तेव्हा यांच्याबद्दल काय म्हणाले होते?"

मला आठवेना. शेंगा आठवत होत्या, टोपलं आठवत होतं. मी मान हलवली.

"मला माहीत नाही," वहिनी त्या बाईला म्हणाली. "मी ही गोष्ट इतकी सांगितली, इतकी सांगितली की तुम्हाला दरवेळी हसवलंय. लोकांना हसायला सोपं जावं म्हणून. तुम्ही खरंच हसलात की मी हसवलं, ते आता मला वेगळं करता येत नाही. कॉटवर पडून बघितलं, तरी येत नाही."

त्या बाईचा चेहरा पडला. तिने पर्स उचलली. जाता जाता, काही मिळेल या आशेने नव्हे, नुसतंच विचारल्यासारखं विचारलं, "मग ती उठली कशी?"

उद्या पुन्हा आणण्याचं वचन, तो छान जमलेला शेवट, वहिनीच्या ओठांपर्यंत आलेला मी पाहिला. तो तिने गिळला.

"बोटं मी सोडवली," ती म्हणाली. "पुढचे पालक खाली येऊन बसले होते. मी तिला गुदगुल्या केल्या. काखेत. दांडीवरची बोटं एकेक करून सुटली. आणि हसली ती. हसत हसतच उठली. तेवढं मला पक्कं आठवतंय, कारण ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिला जे हसणं ऐकू आलं ना, ते तिचं स्वतःचंही असेल."

ती बाई उभी होती ती कॉटवर बसली. दांडीवर तिने हात ठेवला. मग म्हणाली, "हे मी तिला सांगू?"

"सांगा. माझं नाव सांगा. यायचं असेल तर येऊ दे, मला काय बोलायचं ते बोलू दे."

त्याला आता दोन वर्षं होत आली. मुलगी आलेली नाही. तिच्या आईचा फोन एकदाच आला. म्हणाली, सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि काही न बोलता फोन ठेवला, पण ऐकून घेतलं. वहिनीचं निवृत्तीचं वय उलटून गेलंय. मोठ्या बाई रोज आडून सुचवतात, सून नातवाला सांभाळायला बोलावते, आणि दादा तर हात जोडतो, "आता पुरे कर." वहिनी डबा भरते आणि माझ्याआधी फाटकाशी पोचते.

"ती आली आणि मी तिथे नसले," ती म्हणते, "तर ती तरुण पोर तिला शाळा दाखवेल, आणि शेवटी तिलाच तिची गोष्ट सांगेल."